प्रगतिपुस्तकावरची सही

आजचा विषय तुमच्या घरातल्या कपाटात अजून पडलेला असेल. प्रगतिपुस्तक.

सहावी-सातवीत आपण काय शिकतोय, हे आमच्या घरी वर्षातून दोनदाच कळायचं. सहामाहीनंतर आणि वार्षिकनंतर. तेही 'गणित ४१' एवढंच. मला अपूर्णांकांची बेरीज यायची नाही, छेद वेगळे असले तरी मी सरळ खालचे आकडेही मिळवून टाकायचो. हे त्या ४१ मध्ये कुठे दिसणार? बाबांनी सही केली, विषय संपला.

आता गंमत बघा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातलं कलम २४ सहसा कुणी वाचत नाही. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्य आहे, असं तिथे चक्क लिहिलंय. त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. श्रेणी आल्या, वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना झकास! पण आमच्या वर्गात निम्म्या पोरांची नोंद एकच: 'नियमित अभ्यास करतो.' कॉपी-पेस्ट, तेही पेनाने. साठ पोरं होतो आम्ही, सरांना काय बोलणार?

मग २०२०. शाळा बंद, वर्ग व्हॉट्सअ‍ॅपवर. आठवड्यात काय शिकवलं ते थेट पालकांच्या फोनवर यायला लागलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता, ते बाहेरच राहिले.

माझी भाची आता सहावीत आहे. शनिवारी ताईला मेसेज आला: 'अपूर्णांक झाले, घरी भाकरीचे तुकडे करून विचारा.' अर्धी आणि पाव मिळून किती? भाचीने पटकन सांगितलं. मी अजून छेद सारखे करत होतो.