हवेच्या चाकाची तजवीज

सायकलच्या इतिहासात डनलॉपचे नाव ज्या आदराने घेतले जाते, त्या आदराने वेल्श, बार्टलेट आणि मिशलँ यांची नावे घेतली जात नाहीत, आणि हा मला इतिहासाने केलेला अन्याय वाटतो. कारण हवेचे चाक निर्माण करणे ही एक गोष्ट आणि त्यातील हवा निघून गेली असता रस्त्याच्या कडेला बसून सामान्य माणसाला ते पूर्ववत् करता येणे ही निराळीच गोष्ट होय. आणि शर्यतीच्या मैदानावरील सायकल पुढे कारकुनाची, शाळामास्तरची व कारखान्यातील कामगाराची झाली, ती या दुसऱ्या गोष्टीमुळे झाली.

हवेच्या चाकाची मूळ कल्पनाही डनलॉपची नव्हे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली तिचे पेटंट घेतले होते आणि पुढे लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला तशी चाके लावून त्यांची गुणवत्ता सिद्धही केली होती. परंतु ती चाके महाग पडत आणि ज्या वाहनाला त्यांची खरी निकड भासावी ते वाहनच अद्याप जन्मले नव्हते. चार दशके कल्पना दप्तरात पडून राहिली. १८८८ साली बेलफास्टमध्ये पशुवैद्यकी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती स्वतंत्रपणे योजिली, तिचे पेटंट मिळवले, व थॉमसनचा पूर्वाधिकार उघडकीस आल्यावर ते गमावलेही. तथापि पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूमने हवेच्या चाकांवर बसून मिळवलेल्या विजयांनी भरीव रबराच्या चाकांचा अंमल संपुष्टात आणला.

विजयाच्या या जल्लोषात एक अडचण झाकली गेली. डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असे, आणि त्याला एखादा काटा लागला की तो सोलून काढणे, आतली नळी सांधणे व पुन्हा सारे डकवून वाळू देणे हे काम कारागिराचे होते, प्रवाशाचे नव्हे. १८८९ साली फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात असाच एक सायकलस्वार पंक्चर झालेली सायकल घेऊन आला. दुरुस्तीला काही तास लागले, टायर रात्रभर वाळत ठेवावा लागला, आणि दुसऱ्या दिवशी एद्वार मिशलँ स्वतः त्यावर बसून थोडे अंतर गेला न गेला तोच हवा पुन्हा गेली. वाहन उत्तम, परंतु त्याची दुरुस्ती मालकाच्या हाती असल्यावाचून ते निरुपयोगी, हा त्या एका सकाळचा धडा त्याने मनावर घेतला आणि १८९१ मध्ये सुटा निघणारा टायर सिद्ध केला. त्याच वर्षी शार्ल तेराँने पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे बाराशे किलोमीटरांची शर्यत या टायरवर जिंकली. पुढच्या वर्षी पॅरिस ते क्लेरमाँ शर्यतीत तर मिशलँने मार्गावर मुद्दाम खिळे टाकवले, जेणेकरून स्पर्धकांना पंक्चर व्हावे आणि ते किती लवकर निघते हे जगाला दिसावे. ब्रिटनमध्ये १८९० सालीच चार्ल्स वेल्शने टायरच्या कडांत तार घालून, आणि विल्यम बार्टलेटने कडा जाड करून रिमच्या खाचेत अडकवून, हाच प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला होता. आपल्या रस्त्यांवरील सायकलींचे टायर आजही वेल्शच्याच कुळीतले आहेत.

पुण्यासारख्या शहरात सायकल घरोघर आली तेव्हा तिच्याबरोबर दुरुस्तीचे साहित्यही आले. बैठकीच्या मागे चामड्याची पिशवी, तीत पाना, टायर उचकटण्याच्या पट्ट्या, सोल्यूशनची नळी, घासण्याचा कागद, जुन्या ट्यूबची कात्रणे आणि व्हॉल्व्हट्यूबचा वीतभर तुकडा, चौकटीला पंप. या यादीतील व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्याची योग्यता मोठी. वूड्सच्या व्हॉल्व्हवर चढवलेली ही बारीक नळी उन्हाने चिरली की चाक हळूहळू बसे, आणि अननुभवी माणूस नसलेले पंक्चर शोधत राही. आणि खऱ्या पंक्चरांना तोटा नव्हता: दख्खनच्या पडीक जमिनीवर पसरणारे सराटे, बाभळीचे काटे, आणि सर्वांत घातक म्हणजे टांग्यांच्या घोड्यांच्या नालांतून व बैलांच्या पत्र्यांतून गळून पडलेले खिळे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो, की नुसती जादा ट्यूबच जवळ का बाळगीत नसत. त्याचे उत्तर त्या काळ्या, भारदस्त सायकलच्या बांधणीत आहे. तिचे मागचे चाक साखळी, साखळीचे झाकण, मडगार्डच्या काड्या, स्टँड व कॅरिअर यांनी असे जखडलेले असे, की ते सोडवून पुन्हा सरळ बसवणे म्हणजे अर्धी सायकल उकलणे होते. म्हणून चाक न काढताच टायरची एक कड उचकटून ट्यूबचा हवा तेवढाच भाग बाहेर ओढावयाचा, पाण्यात धरून बुडबुडे पाहावयाचे, जागा खरवडून सोल्यूशन पातळ लावावयाचे व ते सुकल्यावरच ठिगळ दाबावयाचे, आणि टायरच्या आत बोट फिरवून काटा निघाल्याची खात्री करावयाची, ही पद्धत रूढ झाली. या सुकण्याच्या अवधीतच खरी अडचण होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या भोंग्याला बांधलेल्या कामगाराला किंवा कचेरीतील हजेरीपुस्तकाची धास्ती असलेल्या कारकुनाला तेवढी उसंत कोठून असावी? त्यामुळे पिशवीतील साहित्य हळूहळू नाक्यावरच्या दुकानात गेले. तेथे सायकली तासाच्या भाड्यानेही मिळत आणि पाण्याचे घमेले व मोठा पंप सदैव सज्ज असे. या दुकानदारांच्या भरवशावर शहराचा दिनक्रम चालला, ही गोष्ट नगरवर्णनांत क्वचितच नोंदलेली आढळते, याची मला खंत वाटते.

पावसाळ्यात मात्र दुकानदारही हतबल होई. ओल्या रबरावर सोल्यूशन धरत नाही, आणि ओले रबर काचेला कोरड्याहून लवकर कापले जाते. म्हणजे ज्या ऋतूत पंक्चरे अधिक, त्याच ऋतूत ठिगळ अवघड. अलीकडच्या, एका खटक्यासरशी चाक सुटणाऱ्या सायकलींनी ही कोंडी फोडली आहे: त्यांचा स्वार जादा ट्यूब घेऊन निघतो, रस्त्यात ती बदलतो, आणि फाटलेली घरी, कोरड्या हातांनी सांधतो. दुधाच्या किटल्या लावून पहाटे निघणाऱ्याच्या सायकलचे मागचे चाक मात्र अद्याप पूर्वीसारखेच जखडलेले आहे, आणि श्रावणसरीत ते बसले की त्याने तिला ढकलत एखादी वळचण गाठावी, ट्यूब पुसून कोरडी करावी आणि सोल्यूशन सुकेपर्यंत वाट पाहावी, याखेरीज दुसरी तजवीज अजून कोणी काढलेली नाही.