वैकुंठ आणि बाप्तिस्मा

फादर थॉमस स्टीफन्स मराठी वाचकाला ठाऊक असतात ते मराठी भाषेच्या स्तुतीमुळे. त्या मोजक्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाल्या. ज्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथात त्या येतात, तो मात्र बहुतेकांनी उघडलाच नाही. त्यामुळे स्टीफन्स हा एक भाषावेडा परदेशी एवढाच आपल्या मनात उरला. तो इथे का आला होता, हा प्रश्न मागे पडला. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या चर्चने रोमशी नाते तोडले, उपासना बदलली, आणि जुन्या कॅथलिक श्रद्धेला चिकटून राहणाऱ्या धर्मगुरूंना पुढे फासावर जावे लागले. ज्या मित्राबरोबर देश सोडायचे स्टीफन्सने ठरवले होते तो थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटला, रोममध्ये जेझुइट झाला आणि 1579 साली गोव्यात उतरला. बदलत्या चर्चमध्ये जुनी शिकवण जपण्यासाठी ज्याने घरदार सोडले, त्यानेच पुढे त्या शिकवणीला पुराणाचा पेहराव चढवला. त्याच्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध जातात असे मला वाटत नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासातली निष्ठा समजून घ्यायची ती इथूनच.

त्याचा तो ग्रंथ, ख्रिस्तपुराण, 1616 साली गोव्यात साष्टीतील राशोलला छापला गेला. त्याची गरज नवख्रिस्ती लोकांच्याच तोंडून आली. जुनी पुराणे ऐकणे बंद झाले होते, प्रश्नोत्तरांची कोरडी धर्मशिक्षा मनाला पुरत नव्हती. आम्हाला आमचे पुराण का नाही, असा प्रश्न ग्रंथातलाच एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो. स्टीफन्सने उत्तर दिले ते ओवीत, पुराणकाराच्या रीतीने आरंभी नमन करून. पण नमन कोणाला, हे पाहिले की त्याची शिस्त लक्षात येते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याला वंदन करूनच कथा सुरू होते. स्वर्गासाठी त्याला वैकुंठ हा शब्द चालला, कारण श्रोत्याच्या मनातली परमसुखाची जागा त्याला हवी होती. पवित्र आत्म्यासाठी मात्र त्याने देशी प्रतिशब्द घेतला नाही. ‘स्पिरिता सान्ता’ हे नाव ओवीत जसेच्या तसे बसवले. बाप्तिस्म्याचे नावही युरोपातलेच ठेवले. जिथे जुन्या शब्दात नवा अर्थ ओतता येईल तिथे जुना शब्द, आणि जिथे जुना अर्थ नव्याला गिळून टाकेल तिथे परका शब्द, असा हा विवेक आहे. शिकवण कुठे ताणता येते आणि कुठे ती तुटते याची पक्की जाण असल्याशिवाय असा विवेक येत नाही.

हे सगळे सत्तेच्या सावलीत घडले, मग त्याला निष्ठा कशी म्हणायची, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. साष्टीतली देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती, गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. ती जबरदस्ती ख्रिस्ताच्या शिकवणीला साजेशी नव्हती, हे ख्रिस्ती माणसाने सर्वांत आधी म्हटले पाहिजे. पण त्याच सत्तेने स्टीफन्सच्या मार्गाचे पुढे काय केले तेही बघावे. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज धरावी. ख्रिस्तपुराणाच्या 1649 आणि 1654 च्या आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यानंतरची छापील आवृत्ती निघाली ती थेट 1907 साली, तीही मंगळूरला. मधली अडीचशे वर्षे तो ग्रंथ राजाश्रयावर नव्हे, हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींवर जगला. देवनागरीत तो आला 1956 साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनातून. सत्तेने हात काढून घेतल्यावरही जे लोकांनी जपून ठेवले, त्याला नुसती राज्यकर्त्यांची चाल म्हणता येत नाही.

शिकवणीला देशी पेहराव किती चढवायचा, हाच पेच इंग्रजी अमलात महाराष्ट्रात पुन्हा उभा राहिला, आणि दोन मोठ्या माणसांनी त्याची जवळजवळ उलट उत्तरे दिली. अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक 1813 साली मुंबईत आले. अहमदनगर पुढे त्यांचे मोठे केंद्र झाले. तिथे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो असे मानणाऱ्या टिळकांनी अभंग आणि पदे लिहिली, आणि मराठी मंडळ्या आजही ती गातात. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांपेक्षा त्यांतला ख्रिस्त कमी जुना आहे का? देहधारण, वधस्तंभ, पुनरुत्थान, पापक्षमा, सारे तिथे आहे. फक्त ते टाळ-चिपळ्यांच्या लयीत आले आहे.

पंडिता रमाबाईंनी याउलट वाट धरली. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला आणि लगेच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वाद सुरू झाला. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांवर रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. शास्त्रात दाखवा, मग मानते, असा त्यांचा बाणा. रूढ शिकवण न तपासता स्वीकारणे त्यांना जमले नाही. म्हणून त्यांना बंडखोर समजले जाते. पण आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठीकरण करण्यात घालवली. 1922 मध्ये त्या वारल्या. भाषांतर 1924 साली त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून पूर्ण बाहेर पडले. त्यात त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द कटाक्षाने टाळले. वेदान्त आणि पुराणे मुखोद्गत असलेल्या बाईला त्या शब्दांचे वजन चांगले माहीत होते, म्हणूनच त्यांची भीती वाटली. टिळकांनी जो सेतू बांधला त्यावरून उलट दिशेनेही जाता येते, हे रमाबाईंना दिसले होते.

आणि ही भीती निराधार नव्हती. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावणार होते. 1919 मध्ये टिळक गेले आणि प्रयोग अर्धाच राहिला. माझ्या मते इथे टिळकांनी स्टीफन्सची रेषा ओलांडली. ओवी, कीर्तन, बैठक, वेश यांनी शिकवणीला धक्का लागत नाही. पण बाप्तिस्मा हा निव्वळ बाह्याचार नाही. आज्ञा म्हणून दिलेली आणि पहिल्या शतकापासून पाळलेली ती गोष्ट आहे. जातीतून, घरातून, वारशातून बाहेर पडण्याची शिक्षा टाळण्यासाठी अनेकजण उंबरठ्यावर थांबत, त्यांची कणव टिळकांना आली, आणि त्यांनी स्वतः ती शिक्षा भोगली होती. कणव खरी होती. तरीही उंबरठाच काढून टाकला तर आत येण्याला अर्थ उरत नाही.

मग रेषा ओढायची कोणी? प्रत्येक पंथ आपल्या सवयीलाच परंपरा म्हणतो, असा प्रश्न इथे येतोच. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला त्याचे एक उत्तर मिळाले. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट अशी सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यामागे 1929 पासूनची बोलणी होती, आणि अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट अगदी शेवटी बाजूला झाले. टीकाकारांनी याला तडजोड म्हटले. सगळ्यांना चालेल तेवढेच उरले, असे ते म्हणाले. पण उरले काय, ते मोजून पाहावे: बायबल, प्रेषितांचा आणि नायसीयाचा मतांगीकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, बिशपपद. इंग्लंड-अमेरिकेतल्या भांडणांतून आलेल्या खुणांना दुय्यम ठरवून ही मंडळी त्या भांडणांच्या कितीतरी आधीच्या, चौथ्या शतकातल्या मतांगीकारापाशी परत गेली. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा की समजत्या वयात घ्यावा, यावर त्यांचे एकमत झाले नाही. दोन्ही रीती त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. बाप्तिस्मा हवाच की नको, हा प्रश्न मात्र त्यांनी चर्चेलाही घेतला नाही.