अर्धवट माळा

अमेरिकेत घर घेतलं की शनिवार-रविवार आपले राहत नाहीत, हे मंडळातल्या बहुतेकांना अनुभवानं ठाऊक आहे. गणपतीच्या तयारीच्या बैठकीतसुद्धा आरतीच्या वेळेवर जेवढी चर्चा होते तेवढीच गळक्या छपरावर आणि होम डेपोतल्या सवलतींवर होते. आमचं घर लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमध्ये आहे. १९४८ साली बांधलेलं. २०१६ मध्ये आम्ही ते घेतलं तेव्हा खाली दोन खोल्या, आणि वर माळा. त्या माळ्याचा एक भाग कुणीतरी फार पूर्वी भिंती घालून, रंग देऊन राहण्याजोगा केलेला होता. दुसऱ्या भागात नुसते उघडे वासे. मूळ घरात सगळाच माळा तसा होता, आणि बांधणाऱ्यानं तो मुद्दाम तसा ठेवला होता, हे मला नंतर कळलं. इथल्या गावच्या ग्रंथालयात लेव्हिटाउनच्या इतिहासाचा एक छान संग्रह आहे. मुलांना गोष्टींच्या तासाला सोडायचं आणि तो तास तिथे काढायचा, असं बरेच महिने चाललं. त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगते.

दुसरं महायुद्ध संपलं आणि लाखो सैनिक घरी परतले. लग्नं झाली, पाठोपाठ मुलं झाली, पण राहायला जागा नव्हती. मंदी आणि युद्ध यांमुळे पंधरा-सोळा वर्षं देशात पुरेशी घरं बांधलीच गेली नव्हती. तरुण जोडपी आईवडिलांच्या घरात एका खोलीत संसार करत होती, काही जण लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल बराकींत राहत होते. (चाळीत वाढलेल्यांना यात विशेष वाटणार नाही, पण अमेरिकनांना फार वाटलं.) १९४४ च्या कायद्यानं माजी सैनिकांना घरासाठी सरकारी हमीचं कर्ज मिळू लागलं होतं. कर्ज होतं, घरं नव्हती.

लाँग आयलंडवर तेव्हा बटाट्याची शेती होती आणि त्या बटाट्याला मुळं पोखरणाऱ्या सूत्रकृमीची कीड लागली होती. शेतकरी जमीन विकायला तयार होते. ती अब्राहम लेव्हिट आणि त्यांची दोन मुलं, विल्यम आणि आल्फ्रेड, यांनी घेतली. विल्यम धंदा बघायचा, आल्फ्रेड नकाशे काढायचा. मोटारीच्या कारखान्यात मोटार पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागेवर असतात. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या सरकत्या. एक टोळी फरशीचं काँक्रीट ओतायची, दुसरी सांगाडा उभा करायची, एक नुसता रंग द्यायची. ऐन भरात दिवसाला तीसच्या आसपास घरं तयार होत होती. पहिली कुटुंबं १ ऑक्टोबर १९४७ ला राहायला आली. आपल्याकडे स्वातंत्र्याला जेमतेम दीड महिना झाला होता. १९५१ पर्यंत इथे १७,४४७ घरं उभी राहिली.

घर साडेसातशे चौरस फुटांचं, जमीन साठ बाय शंभर फूट. तळघर नाही, कारण तळघर खणायला वेळ आणि पैसा लागतो. त्याऐवजी जमिनीवर काँक्रीटचा थर आणि त्यात गरम पाण्याचे पाइप, म्हणजे हिवाळ्यात पायाखालची फरशीच ऊबदार. रांगत्या बाळाला याहून सुख ते काय! पुढे अनेक घरांत ते पाइप गळले. आमच्या आधीच्या मालकांनी भिंतीच्या कडेनं नवे हीटर बसवले, पण जुने पाइप काँक्रीटमध्ये तसेच आहेत. ज्यांच्याकडे ते अजून चालू आहेत त्यांच्याकडे बेबी गेट बसवायलासुद्धा कुणी फरशीत भोक पाडत नाही. भिंतीला गिलावा नाही, जिप्समचे तक्ते. स्वयंपाकघरात कपडे धुण्याचं यंत्र आधीपासून बसवलेलं. आणि घराच्या मध्यातून वर जाणारा जिना, जो पोचतो फक्त वाशांपर्यंत.

आल्फ्रेडचा विचार सरळ होता. आज तुम्हाला दोन खोल्या परवडतात, मूल एक आहे. उद्या दोन होतील, तेव्हा वर एक खोली तुम्हीच काढा. तिसरं झालं की दुसरी काढा, छपराचा एक भाग उचलून खिडक्या बसवा. मुलं इतकी झाली की लोक या वस्तीला थट्टेनं 'सशांचं खुराडं' म्हणत. ऑफिसात कारकुनी करणारे, कधी खिळा न ठोकलेले बाप संध्याकाळी आगगाडीनं न्यूयॉर्कहून परत यायचे आणि जेवण झाल्यावर माळ्यावर चढायचे. बायका दिवसभर मुलांबरोबर अडकलेल्या, कारण असलीच तर एकच मोटार आणि ती स्टेशनवर. पण खोली कुठे हवी, कपाट किती खोल हवं, रंग कोणता, हे त्याच ठरवत, आणि रंगाचा ब्रशही बहुतेक घरांत त्यांच्याच हातात असे.

यात एक गंमत होती. घरं एकाच नकाशाची असल्यामुळे एकानं शोधलेली युक्ती सगळ्यांना लागू पडायची. जिन्याखाली खेळण्यांचं कपाट कसं बसवायचं हे एका घरात जमलं की तीच मापं घेऊन गल्लीत दहा कपाटं व्हायची. इथे 'थाउजंड लेन्स' नावाचं एक मासिकच निघायचं, केवळ लेव्हिटच्या घरात काय काय बदल करता येतील ते सांगणारं. बार्बरा केली यांनी १९९३ साली 'एक्स्पांडिंग द अमेरिकन ड्रीम' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की, लेव्हिटाउन खरं बांधलं ते लेव्हिटनं नव्हे, तिथल्या रहिवाशांनी. आमच्या गल्लीत एकसारखी दोन घरं आता दाखवता येणार नाहीत, त्यामुळे मला ते पटतं. विल्यम लेव्हिटनं १९४८ मध्ये याचं वेगळंच तात्पर्य काढलं होतं: ज्याच्याकडे स्वतःचं घर आणि अंगण आहे तो कम्युनिस्ट होणार नाही, त्याला कामच इतकं असतं! आमच्या घरच्या शनिवारांवरून सांगते, यात तथ्य आहे.

नियमही होते. कुंपण घालायचं नाही. हिरवळ आठवड्याला कापायची. नाही कापली तर लेव्हिटची माणसं येऊन कापणार आणि बिल पाठवणार. कपडे दोरीवर नाही, छत्रीसारख्या घडवंचीवर वाळत घालायचे, आणि शनिवार-रविवारी तेही नाही. समोरच्या आजी लहानपणापासून इथे राहतात. त्या सांगतात, लंगोट ओले असले तर आई रविवारी ते घरातच खुर्च्यांच्या पाठींवर टाकायची.

आणि एक नियम या सगळ्यांहून वेगळा होता. सुरुवातीच्या भाडेकराराचं २५ वं कलम. त्यात म्हटलं होतं की या घरात कॉकेशियन वंशाच्या लोकांखेरीज कुणालाही राहू देता येणार नाही. पुढे अपवाद होता: घरकामाला ठेवलेला नोकर त्या वंशाचा नसला तरी चालेल. म्हणजे कामवाली चालेल, शेजारीण चालणार नाही. हे वाचल्यावर संताप आला. मग आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये आडनाव विचारून जागा नाकारतात ते आठवलं, आणि आवाज जरा खाली आला.

मोठा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. हे सगळं ऐकून त्यानं विचारलं, "मग आपल्याला दिलं असतं का हे घर?"

याचं उत्तर वाटतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, कारण 'कॉकेशियन' या शब्दावरून भारतीयांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आधीच झाला होता. भगतसिंग थिंड हे अमेरिकन लष्करात राहिलेले शीख गृहस्थ. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्यांना' आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. थिंड यांचं म्हणणं, मानववंशशास्त्रानुसार आम्ही कॉकेशियनच. १९२३ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की पंडित काहीही म्हणोत, सामान्य माणूस 'गोरा' म्हणताना ज्याला गोरा समजतो त्यात हिंदुस्थानी बसत नाही.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचूनच मी खुर्चीत सरळ बसले. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून आलेले हे गृहस्थ १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात नागरिक झाले होते आणि वकिली करत होते. थिंड निकालानंतर सरकारनं भारतीयांची आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही खटला भरला. पंडितांनी मानववंशशास्त्र बाजूला ठेवलं. तुमच्याच न्यायालयाच्या हुकमावर विसंबून मी इथे व्यवसाय केला, लग्न केलं, घरदार केलं. आता तो हुकूम मागे घेतलात तर माझी वकिली जाईल, मालमत्ता जाईल आणि माझ्या अमेरिकन बायकोचंही नागरिकत्व जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारची मागणी ऐकायला नकार दिला, आणि सरकारनं बाकीचे खटले सोडून दिले. आपल्या मुलांच्या मराठी शाळेत हा माणूस का शिकवला जात नाही, मला कळत नाही.

सगळ्यांना तोवर थांबता आलं नाही. वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये पेशावरहून पत्नी कला आणि तीन लहान मुलांना घेऊन आले. बर्कलीत त्यांनी घर घेतलं. सामान गाडीवर चढवून सगळे तिथे पोचले, तर शेजाऱ्यांनी घर बंद करून ठेवलेलं. इथे माझ्या मुलांना कुणी काही करेल, मला इथे राहायचं नाही, असं कलाबाई म्हणाल्या आणि कुटुंब माघारी फिरलं. पुढे बगाईंचं नागरिकत्व गेलं, दुकान गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कलाबाईंनी मुलांना वाढवलं. बर्कलीतल्या एका रस्त्याला आता त्यांचं नाव आहे.

तेव्हा मुलाला उत्तर दिलं, "नसतं दिलं." १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना पुन्हा नागरिक होता येऊ लागलं होतं खरं, पण वर्षाला फक्त शंभर जणांना यायची परवानगी होती. विक्रीच्या कचेरीतला माणूस काही थिंड खटला उघडून बसला नसता. तोंडाकडे बघूनच त्यानं सांगितलं असतं.

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की असले वंशाचे निर्बंध कोर्टामार्फत बजावता येणार नाहीत. कलम छापणं बंद झालं, प्रथा चालूच राहिली. १९६० च्या जनगणनेत इथली वस्ती ६५ हजारांवर गेली होती आणि कृष्णवर्णीय जवळजवळ कुणीच नव्हते. पेनसिल्व्हेनियात लेव्हिटनं दुसरं लेव्हिटाउन बांधलं. तिथे ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं राहायला आलं. विल्यम महायुद्धातला माजी सैनिक. कारण आपल्या सगळ्यांचं असतं तेच: तिसरं मूल झालं होतं, जुनं घर पुरेना. पहिल्या दिवसापासून बाहेर शेकडोंचा जमाव जमला. दगडांनी पुढची खिडकी फुटली.  राज्याचे पोलीस आले, पुढे कोर्टानं मनाई हुकूम काढला, आणि हळूहळू गर्दी ओसरली. काही शेजारी मात्र पहिल्यापासून त्यांच्या बाजूनं उभे राहिले होते. मायर्स कुटुंब १९६१ पर्यंत तिथेच राहिलं. १९९९ मध्ये तिथल्या महापौरांनी डेझीबाईंना बोलावून जाहीर माफी मागितली.

१९६५ च्या कायद्यानं आपल्यासाठी देशाचं दार उघडलं आणि १९६८ च्या कायद्यानं घराचं. पहिला कायदा आपल्या लोकांना पाठ असतो. दुसऱ्यासाठी कुणाकुणाच्या खिडक्या फुटल्या ते कमी जणांना माहीत असतं. आज शेजारच्या हिक्सव्हिलमध्ये कढीपत्ता, साबुदाणा, गणपतीसाठी केवड्याचं अत्तरसुद्धा मिळतं, आणि आमच्या गल्लीत दोन गुजराती, एक पाकिस्तानी आणि एक साल्व्हादोरचं कुटुंब आहे.

उरलेला अर्धा माळा आम्ही मागच्या वर्षी पुरा केला. इथली पहिली कुटुंबं तिसऱ्या मुलासाठी वर खोली काढायची. आम्ही काढली सासूबाई-सासरे सहा सहा महिने येतात म्हणून. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, तेव्हा मुलं वर गेली आणि ते खाली. जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरूर सांगते. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात ते घालायला त्या वर्षी बंदी आली. रंग सुका घासायचा नाही. त्याची धूळ रांगत्या मुलांच्या हातावरून तोंडात जाते. आधी तपासणी करून घ्या आणि काम प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. नऊ इंची जुन्या फरश्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्या धड असतील तर उखडू नका, वरून झाका. आम्ही तसंच केलं.

आता मागच्या अंगणाला कुंपण घालायचं आहे. धाकटी तीन वर्षांची आहे आणि दार उघडं दिसलं की रस्त्याकडे पळते. पलीकडच्या साल्व्हादोरच्या गृहस्थांनाही त्यांच्या नातवासाठी कुंपण हवंच आहे. खर्च निम्मा निम्मा ठरला आहे, आणि खांब रोवायचं यंत्र ते त्यांच्या भावाकडून आणणार आहेत.