किल्ली, वही आणि मुखत्यारी

अक्कलकोटचें संस्थान १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि भोसले घराण्याचा दोन शतकांहून अधिक काळ चाललेला कारभार समाप्त झाला. तेथील शस्त्रसंग्रह पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. परंतु राज्य तरवारीइतकेंच किल्लीवर आणि वहीवर चालतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. त्याच अक्कलकोटचा तरुण आज संगणकशास्त्र शिकावयास सोलापुरास किंवा पुण्यास जातो, तेव्हां ‘लिनक्स’ नामक प्रणालीचा कारभार त्यास शिकावा लागतो. कोठार कोणीं उघडावें, वहींत कोणीं लिहावें आणि लिहिलेलें कोणीं तपासावें, हेच जुने प्रश्न तेथें नव्या वेषांत उभे राहतात.

शिवकालीं या प्रश्नांचा मोठ्या चातुर्यानें निकाल लावलेला होता. सभासदाच्या बखरीवरून दिसतें कीं, गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे अधिकारी एकाच दर्जाचे असत; कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे असे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या हातीं, पण हजेरीची वही सबनिसाच्या. एक फितला तरी गड जाऊं नये, हा त्यांतील हेतु.

१९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ प्रणालीचा पाया घातला. एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत असल्यामुळें तेथें हद्दी आंखणें भागच होतें. प्रत्येक दप्तराचा एक धनी, त्याचा एक गट आणि बाकीचे परके, असे तीन वर्ग ठरले. वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालविण्यास १, असे अंक मिळवून अधिकार सांगतात. ६४० म्हणजे धन्यानें वाचावें व लिहावें, गटानें नुसतें वाचावें, परक्यानें कांहींच करूं नये. एवढें झाल्यावर मात्र सर्वांच्या डोक्यावर ‘रूट’ नांवाचा एक सर्वाधिकारी बसविला, ज्याला यांतील एकही हद्द लागू नाहीं. गडावर जें कटाक्षानें टाळलें होतें, तेंच येथें मुद्दाम केलें!

पुढें अडचण आली. सामान्य मनुष्यास आपला परवलीचा शब्द बदलावयाचा असेल, तर रूटच्या वहींत लिहावें लागतें. तेव्हां रिची यांनीं अशी युक्ति काढली कीं, ठराविक कार्यक्रम चालेपर्यंत त्यास धन्याचा अधिकार लाभावा. तिचें पेटंट १९७९ मध्यें मिळालें. मुद्रा क्षणभर उसनी देण्याचाच हा प्रकार. आणि उसनी मुद्रा कोणाच्या हातीं पडेल याचा नेम नसतो.

१९८६ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टोल नांवाचा खगोलशास्त्रज्ञ संगणकांच्या व्यवस्थेवर नेमला गेला. यंत्र जितका वेळ वापरावें तितकी आकारणी, अशी तेथें रीत होती. महिन्याच्या हिशेबांत ७५ सेंटांची तफावत निघाली. दुसऱ्या एखाद्यानें ती पदरचे पैसे घालून मिटविली असती. स्टोलनें ती शोधतां शोधतां उघडकीस आणलें कीं, एक परका मनुष्य यंत्रांत शिरत होता. टपाल हलविण्याच्या एका लहानशा कार्यक्रमास वर सांगितलेली उसनी मुद्रा दिलेली होती. तिच्या आधारें तो रूट होऊन बसला होता. रूटला वहींतील आपली नोंदही पुसतां येते. म्हणून स्टोलनें बाहेरून येणाऱ्या तारांना छापण्याचीं यंत्रें जोडलीं आणि चोराची प्रत्येक अक्षरखूण कागदावर उतरवून घेतली. कागदापर्यंत चोराचा हात पोंचत नव्हता. शोध जर्मनींतील हॅनोव्हर शहरापर्यंत गेला. अमेरिकन लष्करी माहिती सोव्हिएत हेरखात्यास विकण्याचा तो उद्योग होता, व १९९० मध्यें त्याबद्दल शिक्षाही झाल्या. सबनिसाची वही हवालदाराच्या हातीं कां नसावी, याचें इतकें बोलकें उदाहरण विरळा.

१९९१ मध्यें हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचें बीज रोंविलें, आणि १९९२ मध्यें रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त परवान्याखालीं तें सर्वांस खुलें झालें. योगायोग असा कीं, त्याच १९९१ सालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याचा लिनक्सशीं संबंध नव्हता. परंतु नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील अग्रगण्य ५०० महासंगणकांच्या यादींत लिनक्सवांचून दुसरी प्रणाली उरली नाहीं. २०२० मध्यें तींत ६३ वें स्थान मिळविणारा पुण्याचा ‘परम सिद्धि’ही लिनक्सवरच चालणारा.

रूटची मुखत्यारी अद्याप गेलेली नाहीं. ती आवरण्याचे उपाय मात्र वाढले. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो येथील विद्यापीठांत ‘सुडो’ हा कार्यक्रम झाला. त्यायोगें एखाद्यास ठराविक आज्ञेपुरताच सर्वाधिकार देतां येतो, आणि ती आज्ञा कोणीं केव्हां केली याची नोंद राहते. जाणता कारभारी रोजचें काम साध्या नांवानेंच करतो आणि नोंदींची दुसरी प्रत तत्काळ निराळ्या यंत्राकडे पाठवितो. त्या यंत्राची किल्ली त्याच्याकडे नसते.