कर्करोग व वनस्पतिज द्रव्ये
वनस्पतींपासून मिळणाऱ्या कर्करोगरोधी द्रव्यांमध्ये सदाफुलीतील अल्कलॉइडांचे स्थान महत्त्वाचे आहे. पुण्यातील बागांतून व अंगणांतून बारमाही फुलणाऱ्या या झुडपाचे शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस असून पूर्वी ते व्हिंका रोझिया या नावाने ओळखले जाई. त्याचे मूलस्थान मादागास्कर होय. मधुमेहावर त्याची पाने चघळण्याची किंवा त्यांचा काढा घेण्याची चाल महाराष्ट्रात आहे. वेस्ट इंडीज बेटांतही ती होती. या घरगुती उपायाची शहानिशा करतानाच कर्करोगावरील दोन औषधांचा शोध लागला.

इतिहास : कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे १९५२ मध्ये जमेकाहून सदाफुलीची पंचवीस पाने आली. त्यांनी ती वेस्टर्न ऑंटॅरिओ विद्यापीठात संशोधन करणारे आपले बंधू रॉबर्ट नोबल यांना दिली. पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला असता रक्तातील साखर उतरली नाही. तोच अर्क टोचून दिल्यावर मात्र उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्यांच्या रक्तातील श्वेतकोशिका कमालीच्या घटल्या होत्या. मधुमेहाच्या दृष्टीने फसलेला हा प्रयोग तेथेच सोडून दिला गेला असता, तरी कोणास नवल वाटले नसते. परंतु श्वेतकोशिकार्बुदात याच कोशिका बेसुमार वाढतात, हे ध्यानी घेऊन नोबल व रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी शोध पुढे चालविला आणि १९५८ मध्ये व्हिंब्लास्टीन हे अल्कलॉइड मिळविल्याचे जाहीर केले. अमेरिकेतील एली लिली या कंपनीत स्वतंत्रपणे चाललेल्या संशोधनातून व्हिंक्रिस्टीन लाभले. १९६३ मध्ये त्याच्या वापरास तेथे मान्यता मिळाली. कोशिका विभागताना तयार होणारा तर्कू या द्रव्यांमुळे नीट बनत नाही व विभाजन अडते. व्हिंब्लास्टीन हॉजकिन रोगावर, तर व्हिंक्रिस्टीन मुख्यत्वे मुलांमधील तीव्र श्वेतकोशिकार्बुदावर इतर औषधांच्या जोडीने देतात.

पुण्यातील कार्य : १ ग्रॅ. व्हिंब्लास्टिनासाठी सु. ५०० किग्रॅ. वाळलेली पाने लागतात. व्हिंक्रिस्टिनाचे प्रमाण याहूनही अल्प असते. झुडपात शंभराहून अधिक अल्कलॉइडे असल्याने त्यांतून नेमकी ही दोन वेगळी काढणे जिकिरीचे ठरते. त्यामुळे झुडूप दारात असूनही औषध करण्याचे तंत्र हाती नव्हते. १९७० च्या भारतीय पेटंट अधिनियमाने औषधाच्या केवळ उत्पादनपद्धतीला पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले आणि देशी पद्धती शोधण्यास वाव मिळाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) ए. व्ही. रामाराव यांनी हे काम हाती घेतले. प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्ला या कंपनीने १९८४ मध्ये ही दोन्ही औषधे विकसित केली. दोहोंच्या संरचनेत फरक आहे तो एका लहानशा गटाचा. त्यामुळे अधिक मिळणाऱ्या व्हिंब्लास्टिनाचे ऑक्सिडीकरण करून दुर्मिळ व्हिंक्रिस्टीन बनविता येते.

पान व औषध : व्हिंक्रिस्टीन शिरेतून देतात व एका वेळची मात्रा सामान्यतः २ मिग्रॅ.पेक्षा अधिक नसते. एवढ्यानेही हातापायांना मुंग्या येणे, तीव्र बद्धकोष्ठ असे तंत्रिकाविकार उद्‌भवू शकतात. पाने चघळून ही मात्रा साधत नाही. उलट इतर विषारी अल्कलॉइडे पोटात जातात. तीव्र श्वेतकोशिकार्बुद झालेली बहुसंख्य मुले योग्य उपचारांनी बरी होतात, मात्र उपचारांवाचून हा रोग थोड्याच महिन्यांत प्राण घेतो. पानांच्या भरवशावर गेलेले दिवस म्हणूनच घातक ठरतात.

आहारातील द्रव्ये : अन्न म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची गोष्ट निराळी आहे. तंतुमय धान्ये, भाज्या इत्यादींच्या नियमित सेवनाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होत असावा, असे पाहण्यांवरून दिसते. झालेला रोग त्यांनी बरा होत नाही. हळदीतील कुर्क्युमीन प्रयोगशाळेत कर्ककोशिकांची वाढ रोखते, पण पोटातून घेतल्यास रक्तात फारच थोडे शोषले जाते. गाजरासारख्या भाज्यांतील बीटा कॅरोटीन तेवढेच वेगळे काढून गोळ्यांच्या रूपाने दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशीही अपेक्षा होती. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सु. १८ टक्क्यांनी अधिक आढळला.