१८५३ च्या शरदातले दोन शनिवार

दिवाळीची सुटी लागली की आमच्या सांगलीकडच्या मास्तर मंडळींचे पाय दोनच दिशांना वळतात. एक शेताकडे आणि दुसरी सासुरवाडीकडे. माझे पाय गेल्या वर्षी मुंबईकडे वळले. कामगिरीही थोडी वेडगळच होती. जी इमारत आता अस्तित्वात नाही, ती मला पाहायची होती! ग्रँट रोडला राहणारा माझा भाचा स्टेशनावर घ्यायला आला आणि माझा बेत ऐकून म्हणाला, "मामा, नसलेली इमारत पाहायला तिकीट काढून कशाला आलात? ती तर सांगलीतूनही दिसली असती!" पोरगा हुशार आहे. पण इतिहासाचे वेड असणाऱ्या माणसाला जागेवर उभे राहिल्याशिवाय समाधान नसते, हे त्याला अजून कळायचे आहे.

ती इमारत म्हणजे ग्रँट रोडचे जुने नाटकगृह. आणि मला हवा होता तो १८५३ सालचा शरद ऋतू. त्यातही दोन शनिवार. एक २९ ऑक्टोबरचा आणि दुसरा २६ नोव्हेंबरचा.

शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. आपल्या नाटकाचा या दोन महिन्यांशी काय ऋणानुबंध आहे कोण जाणे! विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीच्या राजवाड्यात झाले तो दिवस म्हणून आपण ५ नोव्हेंबर पाळतो. साल १८४३, आणि तिथी कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागची. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले अंक पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात झाले ते ३१ ऑक्टोबर १८८० ला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. याला मी दैवी योग म्हणणार नाही. कारण अगदी साधे आहे, आणि ते कोणत्याही गाडीवानाने सांगितले असते. पावसाळ्यात नद्यांना उतार नसतो, गाडीवाट चिखलात रुतते, खाडीतली नाव बेभरवशाची असते. दसऱ्याला सोने लुटून झाले की वाटा वाळतात, खळ्यावर धान्य येते, माणसाच्या हातात चार पैसे खुळखुळतात आणि रात्री उघड्यावर बसवते. नाटकवाल्याला याहून अधिक काय हवे? वेष, मुकुट, मृदंग, पडदे गाडीत भरायचे, १८३० साली झालेल्या बोरघाटाच्या गाडीरस्त्याने खाली उतरायचे, पनवेलला नाव धरायची की मुंबई. आगगाडी १८५३ च्या एप्रिलात सुरू झाली खरी, पण ती बोरीबंदराहून ठाण्यापर्यंतच. घाट चढायला तिला आणखी दहा वर्षे लागली.

आता या विष्णुपंतांना सांगली सोडून मुंबई गाठायची पाळी का आली, ते सांगितले पाहिजे. ही कथा मला नेहमी चटका लावते. एक तर गाव माझे, आणि दुसरे कारण पुढे येईलच.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मोठे रसिक. उत्तर कानड्यातली भागवत मंडळी सांगलीला येऊन खेळ करून गेली, तो प्रकार राजेसाहेबांना आवडला पण ओबडधोबड वाटला. आपल्याकडे याहून नीटस असे काही व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि पदरीच्या या कल्पक तरुणाला त्यांनी कामाला लावले. विष्णुपंतांनी आख्याने रचली, पदे बांधली, पोरे गोळा केली, सोंगे सजवली. नाटकात तोंडाला रंग लावणे हे भल्या घरच्या मुलाने करायचे काम नव्हे, अशी तेव्हाची समजूत. ती राजाच्या शब्दामुळे दबून राहिली. आठ वर्षे हा संसार राजाश्रयावर चालला. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि आश्रय संपला. कर्ज मात्र राहिले. मंडळी होती, त्यांची तोंडे होती, पेट्यांत मुकुट होते. आणि खेळ कोणासमोर करायचा हा प्रश्न होता.

माणसाने अशा वेळी काय करावे? विष्णुपंतांनी केले ते आज आपल्याला किरकोळ वाटते. त्यांनी मंडळी घेऊन बाहेरची वाट धरली. १८५३ च्या आरंभी ते मुंबईला आले, गिरगावात खेळ केले आणि खेळाला तिकीट लावले! राजवाड्यात प्रेक्षक म्हणजे राजाचा पाहुणा. देवळातल्या ललितात प्रेक्षक म्हणजे भाविक. तिकीट घेतलेला माणूस हा कोणाचाच पाहुणा नसतो. त्याला आवडले तर तो उद्या चौघांना घेऊन येईल, न आवडले तर शिट्टी मारील. भाव्यांची सारी मंडळी अशा माणसाच्या हवाली झाली. त्यांच्या पोटात त्या रात्री काय कालवले असेल, याची कल्पना मी पुष्कळदा करून पाहतो.

मुंबईत त्यांना दोन भली माणसे भेटली. एक नाना शंकरशेट आणि दुसरे डॉक्टर भाऊ दाजी. आणि येथेच आपले ग्रँट रोडचे नाटकगृह कथेत येते.

मुंबईतल्या इंग्रजांचे एक जुने नाटकगृह कोटात, हिरवळीच्या मैदानावर होते, १७७६ सालचे. हौशी साहेबलोक त्यात कामे करीत. हौस आणि हिशेब यांचे कधी जुळले आहे? नाटकगृह कर्जात बुडाले आणि १८३५ साली विकले गेले. कर्ज फिटून उरलेली काही रक्कम सरकारी खजिन्यात पडली. पुढे शहरातल्या लोकांनी अर्ज केला की त्या पैशातून पुन्हा नाटकगृह बांधावे. नानांनी आपली ग्रँट रोडवरची जागा देऊ केली आणि १८४६ च्या फेब्रुवारीत नवे नाटकगृह उघडले. हा रस्ता गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा. गंमत अशी की जागा साहेबांना सोयीची नव्हती. कोटातून निघायचे, सारी देशी वस्ती ओलांडायची आणि एवढ्या लांब येऊन नाटक पाहायचे, याचा त्यांना लवकरच कंटाळा आला. ज्या अडचणीमुळे साहेबांनी पाठ फिरवली, तीच आपल्या पथ्यावर पडली. कारण आपली वस्ती नाटकगृहाच्या अंगणातच होती! मार्च १८५३ मध्ये भाव्यांचा खेळ त्या रंगमंचावर झाला.

आणि मग पावसाळा सरून आला तो शरद.

२९ ऑक्टोबर, शनिवार. अमावास्या दोन-तीन दिवसांवर, म्हणजे घरोघरी फराळाच्या कढया चुलीवर असणार. त्या रात्री ग्रँट रोडच्या नाटकगृहात पारशी तरुणांनी 'रुस्तम आणि सोहराब' हा खेळ गुजरातीत केला. पारशी नाटकमंडळीचा हा पहिला खेळ. चालक होते फरामजी गुस्तादजी दलाल. आणि पाठीशी सल्लागार म्हणून जी मंडळी होती, त्यांत एल्फिन्स्टनमधले अध्यापक दादाभाई नौरोजी होते, आणि पुन्हा आपले भाऊ दाजी! दादाभाई तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे. भाऊ दाजी तिशीच्या आसपास. विष्णुदास पस्तिशीच्या उंबरठ्यावर. ज्यांच्या तसबिरी आपण पांढऱ्या दाढ्यांसह भिंतीवर टांगतो, ती ही सारी माणसे त्या शरदात ऐन तारुण्यात होती, हे आम्ही मास्तर मुलांना सांगायला विसरतो.

फिरदौसीच्या शाहनाम्यातली ही कथा. बाप आणि मुलगा एकमेकांना न ओळखता झुंजतात आणि बापाच्या हातून मुलगा मरतो; ओळख पटते ती मुलगा शेवटचे श्वास घेत असताना. इराण सोडून शतके लोटलेल्या समाजाने पहिलेच नाटक करताना ही कथा निवडली, याचे मला मोठे कौतुक वाटते. दोनच वर्षांपूर्वी, १८५१ च्या ऑक्टोबरात, मुंबईत पारशी आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली होती. त्याच शरदात दादाभाईंनी 'रास्त गोफ्तार' पत्र काढले. दंगलीची आठवण अजून ओली असताना त्याच शहरातले लोक रात्री दिव्यांच्या उजेडात एकत्र बसून एक खेळ पाहू लागले होते. गॅसचे दिवे मुंबईच्या रस्त्यावर यायला अजून दहा-बारा वर्षे अवकाश होता. तेलाच्या दिव्यांच्या उजेडातच लोक आले आणि गेले.

दुसरा शनिवार २६ नोव्हेंबरचा, कार्तिक वद्यातला. त्या रात्री विष्णुदासांच्या नावावर 'राजा गोपीचंद आणि जालंदर' हा खेळ झाला, आणि तो झाला हिंदीत!

सांगलीचा हा ब्राह्मण हिंदीत का उतरला? समोर कोण बसले आहे हे पाहून, दुसरे काय! ग्रँट रोडला मराठी माणूस होता तसाच गुजराती होता, पारशी होता, उत्तरेकडचा होता. सर्वांना कळेल अशी बाजारातली भाषा हिंदुस्थानी. आणि कथा तरी कशी निवडली पाहा. मैनावतीचा पुत्र गोपीचंद, खड्ड्यात पुरलेला गुरू जालंदर, राज्य सोडून भगवी कफनी घालणारा राजा. बंगालपासून पंजाबपर्यंत गोसाव्यांच्या एकतारीवर ही कथा फिरत होती आणि आपल्याकडे नाथांच्या पोथ्यांतून ती घराघरात वाचली जात होती. पुढे १८७१ साली पारशी नाटककंपनीने उर्दू नाटक रंगभूमीवर आणले, त्या कंपन्या देशभर हिंडल्या; आणि १९३१ साली जो पहिला हिंदी बोलपट गिरगावात झळकला, तो 'आलम आरा'ही एका पारशी नाटकावरूनच घेतलेला. ती भाषा रंगमंचावर पहिल्यांदा चढवणाऱ्यांत आमचा सांगलीचा माणूस होता, हे मी वर्गात थोड्या अभिमानाने सांगतो.

आता नाचाविषयी. तेव्हाच्या नाटकातून नाच वेगळा काढताच येत नसे. आधी सूत्रधार मागच्या झांज-मृदंगवाल्यांसह मंगलाचरण गाई. मग अंगाला झाडपाला बांधलेला विदूषक उड्या मारीत येई आणि सूत्रधाराशी थट्टा करी. मग गणपती. आणि त्यामागून मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई. हे सोंग एखाद्या कोवळ्या मुलाकडे असायचे. पुढे आख्यान, पदे बहुतेक सूत्रधार गाई, पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत, आणि राक्षस 'अललल डुर्र' अशी आरोळी ठोकून तलवार परजीत आला की पुढच्या रांगेतली पोरे आयांना बिलगत. शिकलेल्या लोकांनी पुढे या प्रकाराला 'तागडथोम' म्हणून नावे ठेवली. ठेवोत बापडे! सरस्वतीच्या नाचाची मौज त्यांना कोण सांगणार?

ती मला ठाऊक आहे. कारण मी स्वतः अकराव्या वर्षी सरस्वती झालो आहे. आमच्या गावच्या कार्तिकातल्या जत्रेत जुन्या पद्धतीचे सोंग निघे. कळकाच्या कामट्यांचा मोर करून कमरेला बांधायचा, आपले पाय हेच मोराचे पाय, आणि लुगड्याच्या घोळात खोटे पाय दोन्ही बाजूंना सोडायचे. कामटी बरगडीला टोचे. पण मृदंगावर थाप पडली की टोचणी विसरून पाय आपोआप पडत. खर्च गावातले एक सधन गृहस्थ करीत. ते गेले त्या वर्षी त्यांच्या वारसांनी हात आखडला आणि मोर माळ्यावर गेला. गावात तिकीट लावून खेळ करायची कल्पना कोणाला सुचली नाही. सुचली असती तरी देवाच्या सोंगाला पैसे मागायचे धैर्य आमच्यापैकी एकालाही नव्हते. विष्णुदासांना ते होते. म्हणून म्हटले, त्यांची कथा मला चटका लावते.

भाच्याबरोबर मी त्या भागात दोन तास हिंडलो. ग्रँट रोडचे नाव आता मौलाना शौकतअली मार्ग आहे. जवळच्या चौकाला लोक 'पिला हाऊस' म्हणतात. मी पिवळी इमारत शोधू लागलो तेव्हा भाचा हसून लोटपोट झाला. 'प्ले हाऊस'चे ते पिला हाऊस! जुन्या नाटकगृहानंतर त्या परिसरात एकामागून एक नाटकगृहे उठली, त्यांची पुढे सिनेमागृहे झाली, आणि त्यांतल्या कित्येकांना आता टाळे आहे. फॉकलंड रोडला पठ्ठे बापूरावांचे नाव दिलेले पाहून मात्र बरे वाटले. त्यांचा आणि पवळाबाईचा तमाशा याच मुंबईने डोक्यावर घेतला होता. म्हणजे नाचाचे बिऱ्हाड या पेठेतून साफ उठले असे नाही. एका पानवाल्याला मी विचारले, इथे फार पूर्वी एक नाटकगृह होते म्हणतात, ते नेमके कुठे? त्याने चुना लावता लावता मला न्याहाळले आणि विचारले, "कौनसा पिक्चर लगा था?" मी म्हटले, "गोपीचंद." तो म्हणाला, "वो तो उतर गया होगा, साहब."

गावी परतलो तो दुसऱ्याच दिवशी माळ्यावर चढलो. मोराची मान मोडली होती, कामट्या मात्र शाबूत होत्या. यंदाच्या स्नेहसंमेलनात सरस्वती काढायची असे मुलांना सांगितले आहे. सातवीतला एक काटकुळा मुलगा रोज शाळा सुटल्यावर मोर बांधून व्हरांड्यात नाचण्याचा सराव करतो. मुख्याध्यापकांना मी दोन रुपये तिकीट लावावे असे सुचवले आहे. मृदंगवाल्याला काहीतरी द्यायलाच हवे. ते म्हणाले, "मास्तर, शाळेने तिकीट लावायचे? लोक काय म्हणतील?" अजून त्यांनी होकार दिलेला नाही. पोरगा मात्र काल मला हळूच विचारत होता, "गुरुजी, माझ्या आईलाही तिकीट काढावे लागेल का?"