दवाखाना कोणाचा?

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. डॉक्टर, दवाखाने आणि खाटा यांच्या विस्तृत हिशेबात एक लहानशी सूचना होती: प्रत्येक खेड्यात पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी. पुढे १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. ती सूचना मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. इमारत खर्चाच्या रकान्यात दाखविता येते. ग्रामस्थांचा अधिकार तसा दाखविता येत नाही, आणि तो दिला की ते प्रश्न विचारू लागतात!

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावसमित्यांना पुन्हा स्थान दिले. २००७ पासून महाराष्ट्रात, प्रथम पाच जिल्ह्यांत, लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून लोक विचारू लागले: औषधे बाहेरून का आणावयास लावता?